मास्तर उठले, अधिक एक चहा

भरतीमास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलेलं नव्हतं. ते बंदर कचेरीत कारकून होते. एकतीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता कचेरीबाहेरच्या काळ्या फळ्यावर ते त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत. छापील पुस्तकात बघायचं, फळ्यावर उतरवायचं, हात झटकायचे आणि आत जाऊन पंख्याखाली बसायचं. अक्षर असं वळणदार की होडीवाले थांबून अक्षर बघत. वेळ बघत नसत, कारण वेळ त्यांना पाण्याकडे बघूनच कळत असे. पण खडू, फळा आणि काखेत पुस्तक एवढं दिसल्यावर गावाने त्यांना मास्तर करून टाकलं. मास्तरांनीही हरकत घेतली नाही. उलट एकतीस वर्षांत हळूहळू त्यांची अशी समजूत झाली की आपण फळ्यावर लिहितो म्हणून पाणी चढतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गळ हातात घेतला. ज्याला भरती कळते त्याला मासा कळतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि त्याच दिवशी एक मोठं पातेलं आणायला लावलं, कारण घरातल्या भांड्यांत मावेल असला मासा ते धरणार नव्हते. बायकोने पातेलं आणलं. दोन महिने वाट बघितली. मग त्यात बटाटे ठेवायला सुरुवात केली.

याला नऊ वर्षं झाली. दर शनिवारी रात्री मास्तर काठी, डबा आणि पुस्तक घेऊन नदीवर जात. मुखापासून बरंच वर, जुन्या तरीचा धक्का आहे तिथे. पूल झाल्यापासून ती पलीकडे नेणारी होडी बंद पडली होती. धक्क्यावर तिकिटाची पत्र्याची शेड आणि होड्या बांधायचा एक लाकडी खांब एवढंच उरलं होतं. नऊ वर्षांत मास्तरांच्या गळाला बोटभर मासळी बऱ्याचदा लागली, एक चप्पल लागली आणि एका छत्रीचा सांगाडा दोनदा लागला. दुसऱ्यांदा लागलेली छत्री पहिलीच होती.

आता यात चूक कोणाची? पुस्तकाची तर नक्कीच नव्हती. पुस्तकातल्या वेळा नदीच्या मुखाच्या असत आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप असे: 'नदीत वरच्या अंगाला या वेळांत योग्य तो फरक करावा.' फरक सव्वा तासाचा, हे मास्तरांना कचेरीत कोणीतरी सांगितलेलं होतं. तो मिळवायचा की वजा करायचा, हे टिपेत नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने विचार केला. धक्का नदीच्या पूर्वेच्या काठावर. चंद्र पूर्वेला उगवतो. भरती चंद्रामुळे येते. म्हणजे पूर्वेकडच्यांना आधी मिळणार, हे उघड आहे. त्यांनी सव्वा तास वजा केला आणि वहीत नवा तक्ता वळणदार अक्षरात लिहून काढला.

एकदा लिहून झाल्यावर प्रश्न मिटला. तक्त्यात भरती संपली की मास्तर अर्धा तास सवलत देत आणि सामान आवरत. पाणी तेव्हाही चढतच असे. त्याला ते 'फुगवटा' म्हणत. काम संपल्यावरही जी माणसं कचेरीत रेंगाळतात, तसं हे पाणी आहे, त्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

धक्क्यावर आणखी तिघं येत. एक शिंपी, एक सायकलवाला आणि हॉस्पिटलातल्या नर्सबाई, ज्या ड्यूटी संपवून गणवेशावरच जुनं जाकीट चढवून येत. हे तिघं नेहमी उशिरा येत, शेडमध्ये स्टोव्हवर चहा ठेवत आणि मास्तर घरी जायला निघाले की नमस्कार करायला बाहेर येत. मास्तरांना त्यांची कीव येई. भरती संपल्यावर येतात बिचारे! उरलेलं आमिष ते त्यांना देऊन टाकत. रविवारी सकाळी शिंप्याच्या पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली दिसली की मास्तर म्हणत, "नवशिक्याचं नशीब." नऊ वर्षं शिंपी नवशिकाच होता.

हे असंच चालत राहिलं असतं. पण लेकीच्या लग्नात मास्तरांची जीभ घसरली.

व्याही म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूखाली वाकून बघण्यात गेलेला. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "मग, वेळ कसा जातो?" मास्तरांनी उत्तर दिलं, "मासे धरतो. परवाच नऊ किलोचा जिताडा काढला."

"वजन कुठे केलंत?"

"अंदाजाने सांगतोय."

व्याह्यांनी घास खाली ठेवला. हा शब्द ऐकला की ते आजवर दंडाचं पावतीपुस्तक काढत आले होते.

त्या दिवसापासून लेकीच्या सासरी रोज रात्री जेवणात तो मासा यायचा. सासरे म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या बाबांचा नऊ किलोवाला काय म्हणतो?" सगळे हसायचे. आधी लेकही हसली. मग चौथ्या महिन्यात तिचा फोन आला.

"बाबा, एक तर तो मासा यांना दाखवा, नाहीतर नव्हता म्हणून सांगा. मी इथे मीठ जास्त झालं म्हटलं तरी विचारतात, अंदाजाने का? माझ्या शब्दाला या घरात वजन राहिलं नाही, आणि ते तुमच्यामुळे."

मास्तर म्हणाले, "पाठव त्यांना. शनिवारी उत्तम भरती आहे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "बटाटे काढून ठेवू?"

मास्तरांना त्यातला टोमणा कळला. ते पुस्तक उघडून शनिवारचं पान काढू लागले.

शनिवारी संध्याकाळी व्याही आले. एका हातात घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत लटकवायचा स्प्रिंगचा काटा, मोजायची पट्टी, निळा मेणखडू आणि वही. "काटा प्रमाणित आहे," ते दारातच म्हणाले. "मागच्या महिन्यात तपासून घेतलाय."

पुस्तकात मुखाची भरती दहा वाजून वीस मिनिटांची होती. मास्तरांच्या तक्त्यात नऊ वाजून पाच. सात वाजता दोघं धक्क्यावर पोचले. मास्तरांनी दोन काठ्या लावल्या, एक आपली आणि एक पाहुण्यांसाठी. काठीच्या टोकाला त्यांनी लेकीच्या लहानपणीच्या पैंजणातलं एकेक घुंगरू बांधलेलं होतं. मासा ओढ घेईल तेव्हा ते वाजायचं. आत्तापर्यंत ते मुख्यतः वाऱ्याने वाजलं होतं.

"पाऊल हळू टाका व्याही. मासा ऐकतो."

"त्याला कान असतात?"

मास्तरांनी घसा खाकरला. "अनुभवाने ऐकतो."

व्याही खुर्चीत बसले. पाच मिनिटांनी उठले, लाकडी खांबापाशी गेले आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे मेणखडूने निळी रेघ मारली. वहीत वेळ लिहिली. पाव तासाने पुन्हा उठले, पुन्हा रेघ मारली. मास्तरांनी विचारलं, "हे काय?"

"सवय आहे. रिकामा बसलो की मी काहीतरी मोजतो."

आठ वाजले. साडेआठ वाजले. मास्तरांनी आमिष बदललं, जागा बदलली, व्याह्यांना तीन प्रकारच्या गाठी शिकवल्या, त्यातली एक सुटेना म्हणून कापावी लागली. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी घड्याळ बघितलं आणि भाषणाच्या सुरात सांगितलं, "भरती पूर्ण."

मासा नव्हता. नऊ पस्तीसपर्यंत नेहमीची सवलत. तीही संपली. आता घरी जायचं, पाहुण्यांना अंथरूण घालून द्यायचं, सकाळच्या गाडीत बसवायचं, आणि सोमवारी रात्री तिकडे पानं मांडली गेली की लेकीच्या पुढ्यात पुन्हा तोच मासा. या खेपेला पंचनाम्यासकट.

"चला व्याही," ते काठी उचलत म्हणाले. "ओहोटी लागली. आज नशिबात नव्हतं."

व्याही हलले नाहीत. "ओहोटी कुठे लागली?"

"पाण्याला."

"या पाण्याला?" व्याह्यांनी टॉर्च खांबावर मारला. निळ्या रेघा एकीवर एक शिडीसारख्या चढत गेल्या होत्या आणि खालच्या सगळ्या पाण्यात बुडाल्या होत्या. "गेल्या पाव तासात चार बोटं चढलंय."

"तो फुगवटा आहे."

"फुगवटा किती वेळ टिकतो?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही."

"मग मोजू," व्याही म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. "उतरायला लागलं की मी उठतो. त्याआधी उठलो तर नोंद अर्धवट राहते."

पाहुण्यांना सोडून जाता येईना. मास्तरांनी काठी परत टेकवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तक्त्याबाहेरच्या वेळेत बसले. त्यांना चोरून बसल्यासारखं वाटत होतं.

पावणेदहाला शेडमधून शिंपी आला. "मास्तर, बरं आहे ना?"

"का?"

"नाही, साडेनऊ होऊन गेले. तुम्ही अजून बसलाय."

"पाहुणे आहेत."

शिंपी मान हलवून परत गेला. शेडमध्ये कुजबुज झाली. दहाला सायकलवाला आला. "मास्तर, वहिनी वाट बघत असतील हो."

"ती केव्हाच झोपली असेल."

सायकलवाला चढणाऱ्या पाण्याकडे आशाळभूतपणे बघून परतला. सव्वादहाला नर्सबाई आल्या. त्या मास्तरांच्या शेजारी बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि बोलता बोलता त्यांचं मनगट हातात घेऊन नाडी बघू लागल्या.

"दवात बसणं या वयात बरं नाही, मास्तर. छातीत भरतं. घरी जा, मी सांगते."

"नर्सबाई, तुम्ही तिघं आज माझ्या मागे का लागलाय?"

"काळजी वाटते," नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. माशाची.

शेडचं दार बंद झालं. आतून दुसऱ्यांदा स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, मग वादावादीचा, मग कोणीतरी कोणाला गप्प केल्याचा. व्याह्यांनी रेघ मारली. आणखी तीन बोटं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना घुंगरू वाजलं.

"वारा," मास्तर म्हणाले.

"वारा पडलाय," व्याही म्हणाले. "आणि तुमची काठी चाललीय."

काठी खरंच चालली होती. बूड दगडातून सुटून ती पाण्याकडे घसरत होती. मास्तरांनी अंग झोकून देऊन ती धरली. नऊ वर्षं ते लोकांना सांगत आले होते की अशा वेळी दोरा ढिला सोडावा, दमवावं, घाई करू नये. त्यातलं त्यांना काहीएक आठवलं नाही. ते नुसते ओरडले, "अहो, धरा! धरा मला!" व्याह्यांनी त्यांना मागून कमरेला मिठी मारली. समोर दूरवर पाणी फाटलं, काहीतरी पांढरं उलटलं, पुन्हा आत गेलं. दोरा डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला. मास्तर चिखलात गुडघाभर गेले, व्याह्यांचा एक बूट गेला, तो गेलाच. दोघं एकमेकांना सूचना देत होते आणि दोघंही चुकीच्या. शेवटी माशालाच त्या दोघांचा कंटाळा आला असावा. तो उथळ पाण्यात येऊन कुशीवर पडला, आणि व्याह्यांनी त्यावर आपली घडीची खुर्ची उलटी दाबून धरली.

जिताडा होता. दीड हात लांब, चंदेरी, गलफडं उघडत-मिटत असलेला.

व्याह्यांनी धाप लागलेली असतानाच काटा काढला. "चार किलो दोनशे ग्रॅम," त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. लिहिलं.

एव्हाना शेडमधले तिघं धावत आले होते. सायकलवाला माशाकडे बघून वेड्यासारखा बोलून गेला, "मास्तर इथे असताना मासा लागला!"

शिंप्याने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"म्हणजे काय?" व्याह्यांनी चष्मा वर केला. आवाज थेट नोकरीतला. "खुलासा करा."

शिंप्याने सायकलवाल्याकडे बोट दाखवलं, सायकलवाल्याने नर्सबाईंकडे. शेवटी नर्सबाईंनीच तोंड उघडलं, इंजेक्शन देताना बोलतात तशा सुरात. "आठ वर्षांपूर्वी मास्तर गेल्यावर शिंप्याचा दोरा गुंतला म्हणून ते मागे राहिले. गळ पाण्यातच होता. त्यांना मोठा मासा लागला. पुढच्या शनिवारीही तसंच झालं. तेव्हापासून आमची पक्की समजूत, की मास्तर आहेत तोवर मासा येत नाही. ते उठले की आम्ही एक चहा घेतो आणि मग गळ टाकतो. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

व्याही टॉर्च घेऊन शेडपाशी गेले, मास्तर मागोमाग. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं: 'मास्तर उठले + एक चहा = गळ'. मास्तरांनी ते वाचलं. पहिलं त्यांच्या मनात आलं, अक्षर किती घाणेरडं आहे. दुसरं जे आलं, ते त्यांनी बोलून दाखवलं.

"पांढऱ्या पायाचा ठरवलंत मला," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला आमिष देत होतो."

"ताजं असायचं हो," शिंपी खालमानेने म्हणाला.

"थांबा," व्याही म्हणाले. "पायाचा संबंध नाही. मास्तर, पुस्तक दाखवा." त्यांनी पान बघितलं, टीप बघितली, वहीतला तक्ता बघितला. "हा योग्य तो फरक तुम्ही कोणत्या बाजूला केलात?"

"वजा केला." मास्तरांनी चंद्राचं सांगितलं. मोठ्याने बोलताना ते त्यांना स्वतःलाच तितकंसं पटेना.

"पाणी येतं कुठून?"

"समुद्रातून."

"मग आधी कुठे पोचेल? मुखाशी की इथे?"

मासा चिखलात एकदा फडफडला.

"एकतीस वर्षं मी नुसतं बघून उतरवलं हो," मास्तर शेवटी म्हणाले. "बेरीज-वजाबाकी पहिल्यांदाच माझ्यावर आली."

"आणि तुम्ही तिघं?" व्याह्यांनी मोर्चा वळवला. "पाणी समोर चढत होतं. दीड तास आत काय करत होतात?"

"मास्तर उठले नव्हते ना," सायकलवाला म्हणाला. "चहा दोनदा झाला. दुसरा प्यायचा की नाही यावर भांडण झालं, कारण नियमात एकच आहे."

व्याह्यांनी चौघांकडे असं बघितलं, जसं ते एके काळी पोकळ वजनांकडे बघत असत. मग वहीचं पान उलटलं, पेन्सिल जिभेला लावली.

"आता तो दुसरा. नऊ किलोचा."

मास्तरांनी माशाकडे बघितलं. ही वेळ तर फारच सोयीची होती. खरा जिताडा समोर पडला होता, काट्यावर चढला होता, चार माणसांनी बघितला होता. आता नऊ सांगितले असते तरी कोणी हू की चू केलं नसतं. लेकीची सुटका झाली असती, त्यांचीही झाली असती. त्यांनी तोंड उघडलं. पण हा मासा पदरात पडल्यावर तो दुसरा त्यांना एकदम पुन्हा पुन्हा गळाला लागणाऱ्या त्या छत्रीच्या सांगाड्यासारखा वाटायला लागला.

"तो नव्हता," ते म्हणाले.

"नऊ नव्हता? मग किती कमी?"

"सगळाच कमी."

व्याह्यांची पेन्सिल थांबली. "नऊ किलोत नऊ किलोची तूट," ते सावकाश म्हणाले. "माझ्या सगळ्या नोकरीत एवढी मोठी तूट पकडली नव्हती." मग त्यांनी वही मिटली आणि पिशवीत टाकली. "काट्यावर येतं तेवढंच मी धरतो. बाकीचं माझ्या अधिकारात येत नाही. माझा बूट शोधा आता."

बूट सापडला नाही. निघताना शिंप्याने मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, एक विनंती. तक्ता दुरुस्त करू नका. तुम्ही नेहमीच्या वेळेला उठत जा. नाहीतर आम्ही यायचं केव्हा?"

"पाण्याकडे बघायचं."

"ते कसं बघतात?"

व्याह्यांच्या पिशवीतला मेणखडू मागून मास्तरांनी तो शिंप्याच्या हातात ठेवला. "खांबावर रेघा मारा," ते म्हणाले. "मीही पुढच्या शनिवारपासून तेच करणार आहे."

घरी पोचायला मध्यरात्र उलटून गेली. बायकोने दार उघडलं. दारात एक नवरा चिखलाने माखलेला, एक व्याही एका बुटावर, आणि दोघांच्या मधे मासा. तिने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचारलं, "अहो, आता बटाटे कुठे ठेवू?"

सोमवारी रात्री लेकीचा फोन आला. मास्तर तक्ता नव्याने लिहीत बसले होते, हाताला खडूऐवजी खोडरबराचा भुगा.

"बाबा, तिकडे काय झालं? सासरे काल आले ते एका पायात तुमची चप्पल घालून. आज जेवताना माशाचं नावच काढलं नाही. शेवटी मीच म्हटलं, बाबांनी नऊ किलोवाला दाखवला का? तर म्हणाले, चार किलो दोनशे ग्रॅमचा मी स्वतः मोजलाय. नऊचं तुझ्या बाबांनाच विचार, ते खरं सांगतात." ती थांबली. "मग मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं. त्यांनी चाखून बघितलं आणि म्हणाले, हो, झालंय."

मास्तरांनी वहीवरचा भुगा फुंकून टाकला.

"बाबा? नऊवाल्याचं काय झालं?"

"तो सुटला गं. धरलेला कधीच नव्हता, तरी सुटला."

"कधी?"

"परवा रात्री. अकरा वाजून गेल्यावर." मास्तरांनी वही जवळ ओढली आणि सवयीने वेळेसमोर हात नेला. "बरोबर किती वाजता, ते तुझ्या सासऱ्यांनी लिहून घेतलं असेल."